पहिला डिटेल सातला : पॉइंट टू-टूची स्पर्धा भरवू पाहणाऱ्या क्लबांना खुलं पत्र

प्रति,
मुंबई शहर, उपनगरं आणि थेट ठाणे-पनवेलपर्यंतच्या रायफल क्लबांच्या कार्यकारिणी, तसंच महाविद्यालयांच्या क्रीडा समित्या

स.न.वि.वि.

थंडी जवळ आली की क्लबाच्या बैठकीत एक ठराव हमखास येतो : यंदा एक दिवसाची पॉइंट टू-टूची, म्हणजे 0.22 इंची रायफलीची, स्पर्धा घ्यायची. ठराव टाळ्यांत मंजूर होतो. ट्रॉफी किती उंच, प्रमुख पाहुणे कोण, बॅनरवर कोणाचे फोटो, हे त्याच बैठकीत ठरतं. रेंज ऑफिसर कोण, हे आदल्या रात्री साडेदहाला फोनाफोनी करून ठरतं. टार्गेटं छापली का, हे सकाळी कळतं. हा क्रम उलटा करा, एवढंच सांगण्यासाठी हे पत्र आहे. स्पर्धेच्या दिवशी फायरिंग लाइनमागे उभी राहणारी आणि टेबलावर भोकं मोजणारी आम्ही मंडळी. आमच्याकडे ट्रॉफीबद्दल सांगण्यासारखं काही नाही, बाकीच्याबद्दल बरंच आहे.

आधी जागा. दर वर्षी कोणी ना कोणी सुचवतं की शाळेच्या मैदानात वाळूच्या गोण्या रचून तात्पुरती रेंज करू. एअर रायफल असेल तर हॉलमध्ये नीट आडोसा करून जमेल. पॉइंट टू-टूला हे चालत नाही. गोळी 40 ग्रेनची, म्हणजे अवघी 2.6 ग्रॅम शिशाची, आणि मॅच राउंडचा, म्हणजे स्पर्धेच्या काडतुसाचा, वेग आवाजाच्या वेगापेक्षा थोडा कमीच. तरी तिच्या खोक्यावर दीड मैलापर्यंत धोका असल्याचा इशारा छापलेला असतो. मुंबईतल्या कोणत्याही मैदानावरून दीड मैल मोजा; मध्ये एक स्टेशन, दोन शाळा आणि चार चाळी येतात. तेव्हा परवानगी असलेली, मागे पक्का बंधारा असलेली रेंज मिळाली तरच तारीख काढा.

बंधारा आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. चार महिन्यांच्या पावसात वरची माती वाहून जाते आणि आतला मुरूम, खडी उघडी पडते. खडीवर आपटलेली गोळी कुठे जाईल ते सांगता येत नाही. म्हणून टार्गेटांच्या मागचा पट्टा खणून, माती चाळून पुन्हा भरायला हवी. लोखंडी पत्र्याचा बुलेट ट्रॅप असेल तर पत्र्यावर हात फिरवून बघा. गुळगुळीत पत्रा शिसं खाली पाडतो. खड्डे पडलेला तेच शिसं कपचे करून मागे फेकतो.

अंतर 50 मीटर मिळालं तर उत्तम. नसेल तर 25 मीटरवर घ्या, त्यात कमीपणा काही नाही. एनसीसीच्या मुलांचा हात बहुधा तेवढ्या अंतरावरच बसलेला असतो. फक्त तेव्हा 50 मीटरचं टार्गेट झेरॉक्सवर अर्धं करून लावू नका. ही चूक इतकी सर्रास होते की जरा हिशेब मांडतो. 50 मीटरच्या टार्गेटात दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचं आणि नऊचं 26.4 चं असतं. पुढे प्रत्येक वर्तुळ 16 ने मोठं, एकचं 154.4, आणि काळा भाग 112.4. गोळीची कड वर्तुळाच्या रेषेला टेकली की वरचा गुण मिळतो. म्हणजे गोळीची 5.6 मिलिमीटर जाडी या हिशेबात धरलेलीच आहे, आणि अंतर अर्धं झालं तरी गोळी अर्धी होत नाही. म्हणून आधी 5.6 मिळवा, मग अर्धं करा, मग 5.6 वजा करा. 10.4 अधिक 5.6 म्हणजे 16, त्याचे निम्मे 8, वजा 5.6 म्हणजे 2.4. तर 25 मीटरवर दहाचं वर्तुळ 2.4 मिलिमीटरचं, नऊचं 10.4 चं, पुढे आठ-आठने मोठं. काळा भाग मात्र सरळ निम्मा, 56.2, कारण तो नेम धरणाऱ्या डोळ्यासाठी आहे. झेरॉक्सच्या निम्म्याने दहाचं वर्तुळ 5.2 चं होतं आणि गुणांची खिरापत वाटली जाते. मग तोच मुलगा 50 मीटरवर गेला की त्याला वाटतं, रायफल बिघडली.

छापखान्यात कॅलिपर घेऊन जा. प्रिंटरवर पानाला बसवून छापायची सोय सुरू राहिली तर मोजमाप टक्का-दोन टक्क्यांनी सरकतं. काळा भाग 112.4 ऐवजी 114 भरला तर तो गठ्ठा परत करा. कागद चकचकीत नको आणि पातळही नको. पातळ कागदाला गोळी भोक पाडत नाही, फाडते, आणि फाटलेल्या कडेवर भांडण होतं. फ्लेक्सवर छापून घेण्याचा मोह होतो, कारण फ्लेक्सवाला गल्लीतच असतो. पण फ्लेक्सचं भोक गोळी गेल्यावर मिटतं, मोजायला काही उरतच नाही. छापील गठ्ठा प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवा, आपल्या हवेत उघडा कागद दोन दिवसांत मऊ पडतो.

आता स्पर्धा कोणती. पॅरिसला 1 ऑगस्ट 2024 रोजी स्वप्नील कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांवर कांस्य घेतलं, तेव्हापासून सगळ्यांना थ्री पोझिशन हवी आहे. हौस समजते. पण नीलिंग, प्रोन, स्टँडिंग (गुडघ्यावर, पडून, उभ्याने) अशी तिहेरी स्पर्धा म्हणजे प्रत्येकाला नीलिंग रोल (घोट्याखाली घ्यायची गुंडाळी), पोझिशन बदलायला वेळ आणि उभ्याने धरलेली रायफल सांभाळणारा पुरेसा सराव. एका दिवसाच्या, निम्मे नवखे असलेल्या स्पर्धेला हा पसारा झेपत नाही. प्रोन घ्या. पुरुषांची प्रोन रिओनंतर ऑलिम्पिकमधून गेली, म्हणून तिला दुय्यम समजणारे आहेत. 2010 मध्ये म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने विश्वविजेतेपद मिळवलं ते प्रोनमध्येच. पडून मारताना रायफलचा भार जमिनीवर टेकलेल्या कोपरांवर आणि स्लिंगवर (दंडाला अडकवलेल्या पट्ट्यावर) जातो, नळी कायम बंधाऱ्याकडे राहते, आणि लाइनमागून एका नजरेत सगळे दिसतात. चाळीस शॉट, एकूण गुण 400. साठचा आग्रह दुसऱ्या वर्षी धरा.

इलेक्ट्रॉनिक टार्गेटं नाहीत म्हणून थांबू नका. 50 सेंटिमीटर चौरस शीटवर पाच बुल, म्हणजे वर्तुळांचे पाच संच, बसतात : चार कोपऱ्यांत, एक मध्ये. कोपऱ्यातल्या बुलचा मध्य दोन्ही कडांपासून साडेबारा सेंटिमीटरवर घ्या, म्हणजे मधल्या बुलची एकची रेषा आणि कोपऱ्यातल्याची एकची रेषा यांत दोन सेंटिमीटरहून थोडी जास्त जागा राहते. मधला बुल साइटरचा, म्हणजे नेम जुळवायच्या बिनगुणांच्या शॉटचा, कोपऱ्यातले 1 ते 4 आकडे घालून. कॅडेट आणि नवख्यांना एका बुलवर पाच शॉट द्या. शीटवर 20, दोन शीट, संपलं. खुल्या गटाला हे चालणार नाही. चांगल्या शूटरचे पाच शॉट एकाच विस्कटलेल्या भोकात जातात आणि त्यात चार आहेत की पाच, ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. त्यांना एका शीटवर दहाच शॉट, पहिल्या दोन बुलवर तीन-तीन, उरलेल्या दोनवर दोन-दोन, आणि शीट चार. 25 मीटरवर घेत असाल तर त्याच आकाराच्या शीटवर बारा छोटे बुल बसवा, दोन साइटरचे, दहावर दोन-दोन शॉट. साइटर फक्त सुरुवातीच्या वेळात, पहिल्या शीटवर. पुढच्या शीटचा मधला बुल आधीच पेनाने खोडून ठेवा.

शीटच्या मागे अर्धा ते एक मीटर अंतरावर दुसरा कोरा कागद लावायचा, हे बहुतेक जण विसरतात. शेजारच्या लेनमधून आलेली गोळी तिरपी येते, त्यामुळे पुढच्या आणि मागच्या कागदावरची भोकं सरळ रेषेत बसत नाहीत. आगंतुक शॉट कोणत्या बाजूने आला ते दोन मिनिटांत कळतं. हा कागद नसला की क्रॉस फायरचा वाद शपथांवर जातो. क्रॉस फायर करणाऱ्याचा तो शॉट शून्य, ज्याच्या शीटवर पडला त्याला त्याचा फायदा-तोटा नाही.

आठ लेन असतील तर सातच वापरा. आठवी रिकामी ठेवा. फ्रेम कलली, दोरी तुटली, रायफल अडली तर माणूस हलवायला जागा लागते. सात लेन, चार डिटेल (एका वेळी लाइनवर बसणारी तुकडी म्हणजे डिटेल), अठ्ठावीस जण. हा आकडा ऐकून समितीचा चेहरा पडतो, कारण प्रवेश शुल्काचा हिशेब साठ जणांवर मांडलेला असतो. पण वेळ बघा. कॅडेटचा डिटेल : दहा मिनिटं सामान लावायला, पंधरा तयारी आणि साइटर, वीस पहिली शीट, दहा बदल, वीस दुसरी शीट, पंधरा तपासणी आणि लाइन रिकामी. दीड तास. खुल्या गटाला दोन बदल जास्त, म्हणून 110 मिनिटं. कॅडेट सातला आणि साडेआठला, खुला गट दहाला आणि 11.50 ला, शेवटचा शूटर 1.40 ला उठतो. यात कुठेही चहाची सुट्टी नाही, आणि नारळ सातच्या आत फोडायचा आहे.

दोन गट असे वेगळे ठेवण्याचं कारण वारा. आपल्याकडे सकाळी हवा पडलेली असते आणि दुपारकडे समुद्रावरून वारा उठतो. 50 मीटरवर सेकंदाला एक मीटर वेगाचा आडवा वारा पॉइंट टू-टूची गोळी साधारण सहा-सात मिलिमीटर ढकलतो, आणि वर्तुळांमधलं अंतर आहे आठ. एका गटातला मुलगा सातला आणि त्याच गटातला दुसरा बाराला मारत असेल तर ती स्पर्धा त्यांच्यात होत नाही, हवामानाशी होते. एक गट शक्यतो लागोपाठच्या दोन डिटेलमध्ये बसवा आणि लेन चिठ्ठ्या टाकून वाटा. पाच सेंटिमीटर रुंद, चाळीस सेंटिमीटर लांब सुती पट्ट्या 10 आणि 30 मीटरवर काठ्यांना लावल्या की वाऱ्याची झेंडी झाली. त्यांची उंची गोळीच्या वाटेला न अडेल अशी ठेवा.

आणि रविवार असेल तर मेगाब्लॉक. आदल्या दिवशी वेळापत्रक बघून मगच डिटेलची यादी लावा. हार्बरवरून येणाऱ्याला 11.50 चा डिटेल देऊन त्याला कुर्ल्याला अडकवायचं आणि उशीर झाला म्हणून बाद करायचं, हे बरं दिसत नाही.

लेन वाटताना डावखुरे शूटर आधी विचारून घ्या. उजव्या हाताने मारणारा प्रोनमध्ये पाय डावीकडे तिरपे टाकतो, डावखुरा उजवीकडे. डावखुऱ्याला डाव्या टोकाला ठेवलंत तर शेजाऱ्याच्या आणि त्याच्या पायांचा गुंता होतो. त्याची जागा उजव्या टोकाला, म्हणजे सातवीवर. पलीकडे राखीव लेन मोकळीच आहे. लेनची रुंदी सव्वा मीटरपेक्षा कमी नसावी.

क्लबच्या रायफली दोघांत एक अशा असतील तर रायफल लेनवरच राहू दे, माणूस बदलू दे. शस्त्रं जितकी कमी हलतील तितकं बरं. रायफलीच्या केसला एक कार्ड बांधा : कोणाची बट प्लेट किती, मागच्या साइटचे किती क्लिक. दोन डिटेलच्या मध्ये कोणी उत्साहाने नळी साफ करायला घेतली तर थांबवा. साफ केलेल्या नळीचे पहिले काही शॉट भरकटतात आणि पुढच्या मुलाचे साइटर त्यातच संपतात. मॅगझिन असलेली रायफल असली तरी एका वेळी एकच राउंड. रायफलीचं वजन आठ किलोपर्यंत, ताणकाट्यावर टांगून बघा. जॅकेटची जाडी मोजत बसू नका, ते राज्य पातळीवर होईल. पण रायफल पेलणाऱ्या हाताचा कोपरापासून पुढे जमिनीशी कोन 30 अंशांहून कमी नको, हे पाहा; पुठ्ठ्याचा 30 अंशांचा त्रिकोण कापून प्रत्येक रेंज ऑफिसरच्या खिशात असला की वाद राहत नाही.

राउंडचा हिशेब. चाळीस मॅचचे, पंधरा साइटरचे, असे माणशी 55. अठ्ठावीस जणांचे 1540, त्यावर दहा टक्के राखीव धरले तर 1700, म्हणजे पन्नासाची 34 खोकी. ती सगळी एकाच लॉटची, म्हणजे एकाच खेपेत बनलेली, हवीत. खोक्यावर लॉट नंबर असतो. दोन लॉट मिसळले की रायफलीचा जुळवलेला नेम सरकतो, आणि वंगण बदललं की नळीला नवी गोळी रुळायला दहा-पंधरा राउंड जातात. महागडी एली किंवा लापुआ आणायलाच हवी असं नाही. आधीच्या रविवारी क्लबच्या दोन रायफलींतून हाताशी असलेल्या लॉटचे दहा-दहा शॉटचे ग्रुप काढा आणि जो लॉट दोन्हीत बरा बसतो तो घ्या.

मिसफायर होणारच. पॉइंट टू-टूच्या रिमफायर काडतुसात वेगळी टोपी नसते, पेटणारं मिश्रण पितळी काडतुसाच्या बुडाच्या दुमडलेल्या कडेत पसरलेलं असतं. ते कडेभर सारखं पसरलं नसेल आणि पिन नेमकी रिकाम्या जागी बसली की नुसता टक् आवाज. कधी दोष बोल्टमधल्या जुन्या ग्रीसचा असतो, कधी थकलेल्या स्प्रिंगचा. शूटरने नळी टार्गेटकडेच ठेवायची, मोकळा हात वर करायचा आणि अर्धा मिनिट बोल्टला हात लावायचा नाही. मग रेंज ऑफिसरसमोर काडतूस काढून कडेवरची खूण बघायची. खूण खोल असेल तर राउंड खराब, बदलून द्या. खूण फिकी असेल तर दोष रायफलीत आहे आणि राउंड बदलून काही होणार नाही. आवाज हलका आला, टार्गेटवर भोक नाही, तर गोळी नळीत अडकली असू शकते. ती रायफल तिथेच थांबवा. पुढचा राउंड कोणत्याही परिस्थितीत नाही, नळीतून रॉड घालून बघितल्याशिवाय. रेंजच्या दोषामुळे तीन मिनिटांहून जास्त खोळंबा झाला तर तेवढा वेळ वाढवून द्या. पाचहून जास्त झाला किंवा लेन बदलावी लागली तर आणखी पाच मिनिटं आणि नवे साइटरही.

वाटलेले राउंड आणि परत आलेले राउंड यांची वही ठेवा. लेन, नाव, दिले किती, उरले किती, सही. रिकामी काडतुसंही मोजून घ्या. संध्याकाळी दोन राउंडचा मेळ बसला नाही तर ते दोन सापडेपर्यंत कोणी घरी जात नाही, हे परिपत्रकातच लिहा. एखाद्या कॅडेटच्या खिशात चुकून राहिलेलं काडतूस दुसऱ्या दिवशी मेट्रोच्या तपासणीत निघालं तर ते प्रकरण तुमच्या क्लबपाशी येऊन थांबतं.

कागदपत्रांचं काम निदान महिनाभर आधी सुरू करा. राज्य संघटनेची मंजुरी, पोलिस आयुक्तालयाच्या परवाना शाखेला आणि स्थानिक ठाण्याला पत्र. त्यात तारीख, वेळ, शस्त्रांचे क्रमांक, राउंडची संख्या आणि जबाबदार माणसाचा मोबाइल. 1959 च्या शस्त्र कायद्यात मान्यताप्राप्त क्लबच्या सदस्याला टार्गेट प्रॅक्टिससाठी लागणाऱ्या पॉइंट टू-टूचा वेगळा उल्लेख आहे खरा, पण त्याने स्पर्धेची परवानगी आपोआप मिळत नाही. 21 वर्षांखालच्यांना स्वतःचं शस्त्र बाळगता येत नाही, ते प्रशिक्षणाच्या नियमांखाली मारतात. म्हणून प्रवेश अर्जात जन्मतारखेशेजारी देखरेख करणाऱ्या परवानाधारकाच्या नावाचा रकाना ठेवा. निवडणूक तोंडावर असेल तर शस्त्रं जमा करण्याच्या आदेशातून खेळाडूंना सूट आहे का, हे लेखी विचारून घ्या. तोंडी “चालेल हो”वर जाऊ नका. विसर्जन किंवा मोठा बंदोबस्त असलेला आठवडा टाळा. फेब्रुवारी-मार्च परीक्षांचा. उरले डिसेंबर आणि जानेवारी. या स्पर्धेच्या गुणांवर मावळणकर (अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा) किंवा राज्य स्पर्धेची पात्रता मिळते की नाही, तेही परिपत्रकात ठळक लिहा. पालक हाच प्रश्न सर्वांत आधी विचारतात आणि उत्तर मोघम दिलं की नंतर फसवल्यासारखं वाटतं.

लाइनवरची शिस्त. मुख्य रेंज ऑफिसर एक, त्याच्याखाली दोन, टार्गेट बदलणारे चार, स्कोअरर चार, राउंडच्या वहीवर एक, शस्त्र तपासणीला एक, प्रथमोपचाराला एक. चौदा माणसं, आणि यातला कोणीही त्या दिवशी शूटर नाही. आदेश एकाच्याच तोंडून जातील. मेगाफोन बॅटरीचा घ्या. वीज गेली आणि कानात प्लग घातलेल्या सात जणांना ओरडून थांबवायची वेळ आली की माइकची किंमत कळते. घड्याळ एकच, सगळ्यांना दिसेल असं. दहा आणि पाच मिनिटं उरल्याची सूचना द्यायची, त्यापलीकडे बोलायचं नाही.

शीट बदलायला पुढे जाण्याचे क्षण सर्वांत जोखमीचे. स्टॉप म्हटल्यावर प्रत्येकाने बोल्ट उघडायचा आणि चेंबरमध्ये भगवी सेफ्टी फ्लॅग घालायची. पॉइंट टू-टूला नळीभर दोरी लागत नाही, ती एअर रायफलला; इथे चेंबर अडेल आणि बाहेर ठळक दिसेल अशी पुरे. मग शूटर उठून लाइनच्या मागे. रेंज ऑफिसर पहिल्या लेनपासून सातव्यापर्यंत चालत जाऊन सातही फ्लॅग हाताने तपासतो. लांबून बघून “क्लिअर” म्हणायचं नाही. त्यानंतर लाल झेंडा चढतो आणि बदलणारे चौघं पुढे जातात. चौघं परत आले हे मोजून मगच झेंडा उतरतो. ते पुढे असताना कोणी वाकून स्लिंग सारखी करू लागला, बट प्लेटचा स्क्रू पिळू लागला, तर पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा बाहेर. तो कार्यकारिणी सदस्याचा मुलगा असला तरी.

फायरिंग पॉइंटवर वडापाव नको. हसण्यासारखं वाटेल, पण प्रत्येक राउंडमागे शिशाची बारीक धूळ हातावर आणि चटईवर बसते. खाणं बाहेर, साबण-पाणी वाटेत. शेवटी रेंज कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. मुलींसाठी स्वच्छतागृह उघडं आहे ना, हे आदल्या दिवशीच बघा. कुलपाची किल्ली नेहमी सुट्टीवर गेलेल्या शिपायाकडे असते.

स्कोअरिंगचं टेबल लाइनपासून लांब, उजेडात, आणि त्याभोवती दोरी. शूटर, प्रशिक्षक, पालक यांपैकी कोणीही दोरीच्या आत नाही. एक शीट दोघांनी वेगवेगळी वाचायची. जमलं नाही तर तिसरा. कागदातून गोळी गेली की कागदाचे तंतू किंचित परत आत येतात आणि भोक 5.6 पेक्षा लहान दिसतं. भोवती शिशाची करडी कड उरते. म्हणून डोळ्याला जो नऊ वाटतो तो पुष्कळदा गेजवर, म्हणजे भोकात घालायच्या मोजमापाच्या दांडीवर, दहा निघतो. प्लग गेज सरळ उभा, स्वतःच्या वजनाने बसू द्यायचा, दाबायचा नाही. भिंगातून बघायचं, त्याच्या पट्टीची कड रेषेला टेकते का. निर्णय शीटवर भोकाशेजारी लिहायचा, आद्याक्षर करायचं. एका भोकात गेज एकदाच जातो. दुसऱ्यांदा घातला की भोक रुंदावतं आणि निकाल गेजने घडवलेला होतो. दोन शॉट एकमेकांत मिसळले असतील तर गेज कलतो, तिथे पारदर्शक ओव्हरलेवर वर्तुळ जुळवून बघा. जादा शॉट, चुकीच्या बुलवर शॉट यांचे नियम परिपत्रकात आधी छापा, टेबलावर ठरवू नका.

प्रत्येक डिटेलचा निकाल पुढचा डिटेल संपण्याआधी फळ्यावर लागला पाहिजे. त्यानंतर दहा मिनिटं हरकतीला, शुल्क भरून, लेखी. हरकत खरी ठरली तर शुल्क परत. बरोबरी झाली तर शेवटच्या दहा शॉटची मालिका बघायची. कॅडेटला ती दुसऱ्या शीटचे तिसरा आणि चौथा बुल, खुल्या गटाला चौथी शीट. म्हणून बुल क्रमानेच मारायचे, हे साइटरच्या आधी सांगा.

पाहुण्यांचं म्हणाल तर त्यांना दोन वाजता बोलवा. तोवर शस्त्रं केसमध्ये गेलेली असतील, वही जुळलेली असेल आणि शेवटची हरकत निकालात निघालेली असेल. त्यांनी अकराला यायचा हट्ट धरला तर लाइनमागे खुर्ची द्या, कानात प्लग द्या, आणि त्यांच्यासाठी डिटेल थांबवू नका. “साहेबांना एक शॉट मारू द्या” या विनंतीचं उत्तर आताच ठरवून ठेवा. आमचं उत्तर नाही असंच असेल.

दिवाळी आटोपली की बंधाऱ्याची माती चाळायला एक शनिवार काढा. आम्ही येतो. चाळण्या आणि गेज आमचे, फावडी तेवढी क्लबाची असू देत. जमलं तर छापखान्यातून एक नमुना शीट त्याच दिवशी मागवून ठेवा, कॅलिपर आमच्याकडे आहे.

आपले,
मुंबईच्या रेंजांवर उभे राहणारे काही रेंज ऑफिसर आणि स्कोअरर